खोकला : घरचे औषध आणि घरची दक्षता



ऋतू पालटला की घरोघरी खोकला सुरू होतो आणि पाठोपाठ औषधाची बाटली घरात येते. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात अशाच बाटलीने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. खोकल्याच्या त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली. त्यांतील कित्येकांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणले होते. त्यानंतर केंद्रीय आरोग्य खात्याने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, पाच वर्षांखालीही ती सामान्यतः टाळावीत, असे बजावले. मग आईने करावे काय? उत्तराचा मोठा भाग आपल्या स्वयंपाकघरात आहे. पण ते अर्धवट ठाऊक असून भागणार नाही.

आयुर्वेदात खोकल्याला ‘कास’ म्हणतात. त्याचे प्रकार पाच : वातज, पित्तज, कफज, क्षतज आणि क्षयज. अर्थात, सर्वांना एकच काढा हे शास्त्र नव्हे. कोरडी ढास लागून घसा खरवडत असेल तर स्निग्ध उपचार हवा. मोठ्यांनी ज्येष्ठमधाची कांडी चघळावी. रात्री कोमट दुधात हळद व थोडे तूप घालून घ्यावे. छाती कफाने भरली असेल तर दूध-तूप आवरते घ्यावे. तेथे आल्याचा रस व मध यांचे चाटण किंवा तुळस, सुंठ व मिरीचा काढा उपयोगी पडतो. मध मात्र काढा कोमट झाल्यावरच घालावा; तो तापवू नये, ही शास्त्राज्ञा आहे.

सितोपलादि चूर्ण आपण सारे जाणतो. खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलदोडा २ आणि दालचिनी १, असे त्याचे नेटके प्रमाण आहे. परसातील अडुळशाचे मोलही आधुनिक शास्त्राने ओळखले. त्यातील व्हॅसिसिन या द्रव्याच्या अभ्यासातून कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झिन हे औषध निर्माण झाले. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेनेही २०१८ साली साध्या खोकल्यावर प्रथम मध घेऊन पाहावा, असे सुचवले.

या वारशाचा अभिमान जरूर बाळगावा. पण तो डोळस असावा. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये. त्यातून बोट्युलिझम हा जीवघेणा विकार होऊ शकतो. नवजात बाळाच्या जिभेला मध लावण्याची प्रथा कितीही जुनी असली, तरी ती थांबवली पाहिजे. गर्भवतीने अडुळसा टाळावा. रक्तदाब असणाऱ्यांनी ज्येष्ठमध दीर्घकाळ घेऊ नये.

आणखी एक. शास्त्रकारांनी क्षयज कास वेगळा सांगितला, तो उगाच नव्हे. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, संध्याकाळी ताप येऊ लागला, वजन घटले वा थुंकीत रक्त दिसले, तर काढ्यावर दिवस दवडू नयेत. सरकारी आरोग्य केंद्रात क्षयाची तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. बालकाचा श्वास जलद चालत असेल, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर तत्क्षणी रुग्णालय गाठावे.

आपल्यापैकी प्रत्येकाने या आठवड्यात शेजारच्या दोन कुटुंबांना एवढे समजावून सांगावे, ही विनंती. आजीचा बटवा जपायचा, तर आजीचे तारतम्यही जपले पाहिजे.