हाती असेल त्या साधनांनी



हमालांच्या संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने चित्रपटावर बोलावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु आनंद पटवर्धन यांच्या सुरुवातीच्या छोट्या अनुबोधपटांकडे मी करमणूक म्हणून पाहत नाही. पदरी भांडवल नसलेल्या माणसाने साधने कोठून आणली आणि ती कशी राबवली, हा त्यातला खरा प्रश्न आहे. तो आपलाही प्रश्न आहे.

पटवर्धन मुंबईचे, जन्म १९५०चा. अमेरिकेत शिकून परतल्यावर त्यांनी मध्य प्रदेशात ‘किशोर भारती’ या संस्थेत काम केले आणि १९७४ साली ते बिहारमध्ये जयप्रकाशांच्या आंदोलनात गेले. त्या वर्षी ४ नोव्हेंबरला पाटण्यात मोठी निदर्शने व्हायची होती. पोलीस काय करतात त्याचा पुरावा राहावा म्हणून छायाचित्रे घ्यायचे ठरले. पटवर्धन कॅमेरा मागून आणायला दिल्लीला गेले, आणि येताना सुपर एटचा छोटा चलच्चित्र कॅमेरा व सोबत एक मित्र घेऊन आले.

सुपर एट म्हणजे ८ मिलिमीटरची फिल्म. हौशी लोक ती घरगुती समारंभांसाठी वापरीत. तेव्हा त्यांनी एक युक्ती केली. ती फिल्म पडद्यावर पाडली आणि पडद्यावरचे चित्र १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने पुन्हा टिपले. चित्र भुरकट झाले; पण जे घडले ते दिसत राहिले. पुढचे काही चित्रण प्रदीप क्रिशन यांच्या मदतीने, मुदत उलटलेल्या फिल्मवर झाले. असा ‘क्रांति की तरंगें’ हा अर्ध्या तासाचा बोलपट १९७५ साली उभा राहिला.

तोच जूनमध्ये आणीबाणी आली. उघड खेळ करणे अशक्य झाले. मग प्रतीचे तुकडे केले गेले, ते वेगवेगळ्या माणसांबरोबर देशाबाहेर गेले आणि कॅनडात पुन्हा जोडले गेले.

१९७७ साली सरकार बदलले. ज्यांच्या बाजूने पटवर्धन उभे होते ती माणसे सत्तेवर आली. आता त्यांनी गौरवपट काढला असता तर कोणी दोष दिला नसता. पण १९७८ साली त्यांनी ‘जमीर के बंदी’ हा राजकीय कैद्यांवरचा अनुबोधपट केला, आणि त्यात दाखवले की असे कैदी आणीबाणीपूर्वीही होते व ती उठल्यावरही आहेत. मित्रपक्षालाही आरसा दाखवणे याला मी फार मोठे धैर्य समजतो.

त्यानंतरचा ‘अ टाइम टू राइज’ १९८१चा, जिम मन्रो यांच्याबरोबर केलेला. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातले शेतमजूर, बहुतेक पंजाबी व चिनी, यांनी १९८० साली युनियन कशी बांधली त्याची ही कथा. तिथेही मालक आणि मजूर यांच्यामध्ये कंत्राटदार आहे. उचल घेऊन कोयत्यावर जाणाऱ्या आपल्याकडच्या जोडप्यांना तो कोण हे सांगावे लागणार नाही; ती त्याला मुकादम म्हणतात.

आज वसमतच्या बाजारात हळदीचे पोते उचलणाऱ्या हमालाच्या खिशातही फोन आहे, आणि त्यातला कॅमेरा त्या सुपर एटपेक्षा सरस आहे. तरीही मजुरीचा तंटा अधिकाऱ्यापुढे गेला की “पुरावा काय?” या एका प्रश्नावर आमची माणसे गप्प होतात. साधन आले, पण ते राबवण्याची शिस्त आली नाही. दिवस, ठिकाण, वजन, कबूल केलेला दर यांची नोंद नसेल तर चित्र मुके राहते.

म्हणून माझी तरुणांना विनंती आहे. आपल्या गावच्या श्रमाचे चित्रण करा. ज्याचे चित्र घ्याल त्याला आधी विचारा. आणि तयार झाले की प्रथम त्यालाच दाखवा. कोणत्या संघटनेचा कारभार चुकलेला दिसला, तर तोही कापून टाकू नका. माझ्या संघटनेचा असला तरीही नाही. तसे कापलेले चित्र समोरचा माणूस एकदा ओळखतो, आणि मग आपल्या खऱ्या पुराव्यावरही कोणी विश्वास ठेवीत नाही.