चिकटपट्टीखालची फळी



एप्रिल उजाडला की वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी इथल्या टी-शर्ट छापणाऱ्यांना मान वर करायला फुरसत नसते. १४ एप्रिलची बाबासाहेबांची जयंती तोंडावर आलेली असते आणि प्रत्येक वस्तीला, प्रत्येक मंडळाला आपल्या नावाचे शर्ट आदल्या रात्रीपर्यंत हवे असतात. पुढे जूनच्या अखेरीस विदर्भातल्या शाळा उघडतात आणि खिशावरच्या बोधचिन्हांचे काम सुरू होते. या दोन धावपळींच्या मधे मे महिना येतो. काम विरळ, ऊन रणरणते. छपाईच्या फळ्या साफ करायला वर्षभरात याहून चांगला काळ नाही.

ज्या फळीवर टी-शर्ट चढवतात तिला कारागीर पॅलेट म्हणतात. ती ॲल्युमिनियमची असते किंवा लाकडाची, कधी वर रबराचा थर असलेली. शर्ट जागचा हलू नये म्हणून तिच्यावर रुंद कागदी चिकटपट्टी लावतात आणि त्या पट्टीवर गम किंवा चिकट फवारा मारतात. शर्ट चढला, त्यावर ताणलेल्या जाळीची फ्रेम आली, रंग ओढणारी रबरी स्क्वीजी फिरली, रंग उतरला, शर्ट उचलला. प्रत्येक शर्ट जाताना सुताचे थोडे तंतू मागे ठेवून जातो. शे-दोनशे शर्टांनंतर पट्टीवर राखाडी लव चढते आणि तिची पकड सुटते. ही पट्टी काढून नवी लावायची, असा नेम आहे. पण हंगामात तेवढी उसंत कोणाला? जुन्या पट्टीवरच नवी चढते, तिच्यावर आणखी एक.

इथेच छपाई बिघडायला सुरुवात होते. फ्रेमची जाळी आणि कापड यांत साधारण दीड ते तीन मिलिमीटर अंतर ठेवलेले असते. स्क्वीजी पुढे गेली की जाळी लगेच वर उठावी आणि रंगाची कड स्वच्छ यावी, यासाठी ते असते. पट्ट्यांचे चार थर साचले की त्यातले अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे अंतर खाल्ले जाते, आणि तेही सगळीकडे सारखे नाही. कुठे सुरकुती, कुठे हवेचा फुगा, कुठे गमाची गाठ. मग अशोकचक्राच्या चोवीस आऱ्यांपैकी दोन-तीन फिसकटतात. कारागीर फ्रेम पुन्हा कसतो, रंग बदलून पाहतो, नव्या मुलावर चिडतो. दोष मात्र फळीवर साचलेला असतो.

जुनी पट्टी इतकी घट्ट का बसते? चिकटपट्टीचा गोंद वाळून धरत नाही. तो कायम अर्धवट मऊ राहतो आणि दाबल्यावर पृष्ठभागाच्या बारीक खळग्यांत शिरतो. अमेरिकेतल्या थ्री-एम कंपनीत रिचर्ड ड्रू यांनी १९२५ साली रंगकामासाठी मास्किंग टेप तयार केली, तेव्हापासून हेच तत्त्व चालत आले आहे. छपाईच्या फळीवर त्या गोंदाचे हाल होतात. रंग सुकवायच्या हीटरखाली फळी दिवसातून शेकडो वेळा जाते. दर वेळी गोंद तापतो, त्यातला मऊपणा उडतो आणि हवेतल्या ऑक्सिजनने तो कडक होत जातो. अशी पट्टी जानेवारीच्या सकाळी ओढली तर कागद वर येतो, गोंद खालीच राहतो. मग लोखंडी पत्ती येते आणि ॲल्युमिनियमवर कायमचे ओरखडे पडतात.

मे महिन्याचे ऊन हे काम पुष्कळसे स्वतःच करते. वर्ध्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. भर दुपारी गच्चीवर जाड काळे कापड अंथरून त्यावर फळी पट्टीची बाजू वर करून ठेवावी. तासाभरात ॲल्युमिनियम हात ठेववत नाही इतके तापते. आता हातमोजे घालून एका कोपऱ्यापासून सुरुवात करावी. पट्टी सरळ वर ओढू नये. ती स्वतःवरच दुमडून, फळीला जवळजवळ लागून, सावकाश मागे न्यावी. गोंद कोमट असला की तो कागदाबरोबर येतो. फार तापला तर तारेसारखा लांबतो आणि दोन्हीकडे राहतो, तेव्हा फळी थोडा वेळ सावलीत न्यावी. हे बोटांना चार-पाच फळ्यांत कळू लागते. हीट गन असेल तर ती एका जागी धरू नये, कारण तिच्या झोताने रबराला फोड येतात आणि लाकडी फळीचे थर सुटतात. उन्हात हा धोका कमी.

उरलेल्या डागांसाठी सनमायकाचा बोथट तुकडा चालतो. आणखी सोपा उपाय म्हणजे नव्या पट्टीचा तुकडा डागावर दाबून झटक्याने उचलायचा. गोंदाला गोंदच ओढतो.

तरीही अनेक जण पहिल्यांदा थिनरचा डबा उघडतात. ते थांबायला हवे. थिनरमध्ये बहुधा टोल्युइन असते आणि ते सुमारे ४ अंश तापमानालाच पेट घेण्याइतकी वाफ सोडू लागते. टर्पेंटाइन आणि रॉकेल यांना चाळीसच्या आसपास तापमान पुरते. वर्ध्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतली नुसती हवाच तेवढी तापलेली असते. ही वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत पसरत शेजारच्या चहाच्या शेगडीपर्यंत पोहोचू शकते. शिवाय बंद खोलीत ती हुंगत बसलेल्या पोराचे डोके दुखते, गरगरते. या धंद्यात फळ्या पुसायचे काम बहुधा सर्वात लहान, नव्याने आलेल्या मुलाकडे जाते, म्हणून ही गोष्ट विशेष कळकळीने सांगावीशी वाटते. थिनर लावलेल्या फळीवर हीट गन तर कधीही धरू नये.

वर्धा शहरातच याहून शहाणी वाट दाखवणारी जागा आहे. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पांनी त्याचे काम मगनवाडीतून चालवले. तिथे रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप तयार झाला. जवळच्या तेलाने काम होते का, हे आधी पाहायचे, ही तिथली रीत. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी उद्घाटन केलेले मगन संग्रहालय आजही तिथे उभे आहे आणि ग्रामीण उद्योगांवर संशोधन करणारी ‘एमगिरी’ ही संस्थाही त्याच परिसरात आहे.

तेलाचा तो विचार फळीलाही लागू पडतो. शेंगदाण्याचे तेल गोंदाच्या डागावर लावून अर्धा तास ठेवले की गोंद फुगतो आणि चिंधीने गोळा होऊन येतो. जवसाचे तेल मात्र वापरू नये. ते हवेत सुकून स्वतःच चिवट पापुद्रा धरते, आणि त्याने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग आपोआप तापून पेटू शकतो. तेलानंतर फळी साबणाच्या पाण्याने दोनदा धुवावी, नाहीतर पुढच्या शर्टावर तेलाचा डाग उठेल. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो, तो दूर ठेवावा.

कारंजा, आष्टी, आर्वी हा तर संत्र्यांचा पट्टा. संत्र्याची साल फुग्यावर पिळली की फुगा फटकन फुटतो, हा खेळ इथल्या मुलांना ठाऊक असतो. सालीतल्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक लिमोनीन असते आणि ते रबर विरघळवते. चिकटपट्टीच्या गोंदातही पुष्कळदा रबरच असते. लहानशा डागावर ताज्या सालीची बाहेरची बाजू घासून पाहावी. बाटलीतले संत्र्याचे तेल जास्त कामाचे, पण तेही ज्वालाग्राही आहे, कातडीला खाज आणू शकते. ते सावलीत, मोकळ्या हवेत आणि हातमोजे घालूनच वापरावे.

काढलेल्या पट्ट्या पेटवू नयेत, आणि थिनर वापरलेच असेल तर ते नालीत ओतू नये. नालीचे पाणी शेवटी नदीलाच मिळते.

फळी धुऊन वाळली की डोळे मिटून तिच्यावरून बोटे फिरवावीत. खरखर लागली तर तिथे गोंद आहे. मग पोलादी पट्टी आडवी ठेवून खालून उजेड दिसतो का ते पाहावे. दिसला तर फळीच वाकली आहे आणि ती बदलावी लागेल. सगळे सपाट असेल तर नवी पट्टी मधून कडांकडे दाबत लावावी आणि तिच्या कोपऱ्यावर पेनाने तारीख लिहावी. पुढची पट्टी कधी बदलायची, ते त्या तारखेवरून ठरेल.

जिल्ह्यातल्या सगळ्या छपाईवाल्यांना एवढेच सांगणे आहे की या मे महिन्यातली एक दुपार फळ्यांसाठी राखून ठेवा, आणि त्या दिवशी थिनरचा डबा बंदच राहू द्या.