हौशी छायाचित्रकाराची पिशवी

छायाचित्रकार कुठवर पोहोचतो हे त्याच्या सामानाच्या वजनावर ठरत आले आहे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. तीत काचेवर थर चढवणे, चित्र घेणे आणि ते रसायनात धुणे ही तिन्ही कामे थर वाळण्याआधी, दहा-पंधरा मिनिटांत उरकावी लागत. मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ मध्येच स्थापन झाली होती. पण त्या काळच्या हौशी माणसाला गावाबाहेर चित्र घ्यायचे तर काचा, बाटल्या, पाणी आणि अंधारासाठी तंबू असे बिऱ्हाडच पाठीवर घ्यावे लागे. १९२५ मध्ये लायका कॅमेरा विक्रीला आला आणि ३६ चित्रांची फिल्म कोटाच्या खिशात मावू लागली. आज कॅमेरे हलके आहेत, तरी अनेकांची पिशवी पाच-सहा किलोंवर जाते. हे वजन कॅमेऱ्याचे थोडे आणि ‘असू द्यावे, लागेल कदाचित’ या विचाराचे जास्त असते.

कॅमेऱ्याच्या सेन्सरचा आकार पुढच्या सगळ्या सामानाचे माप ठरवतो. ‘फुल फ्रेम’ सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. हौशी लोकांत अधिक वापरला जाणारा एपीएस-सी त्याहून लहान, साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंदीचा. तो चित्राचा मधलाच भाग टिपतो, म्हणून त्यावर ३०० मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेमवरच्या ४५० इतके अरुंद दृश्य दाखवते. पक्षी टिपणाऱ्याला हा फायदाच आहे. गल्लीबोळात मात्र तीच गोष्ट अडचणीची होते.

दादरचा फुलबाजार हे शहरी भटकंतीचे चांगले उदाहरण. तो उजाडण्यापूर्वीच भरतो. प्रकाश दिव्यांचा, गर्दी खांद्याला खांदा लावून, आणि झेंडूच्या ढिगांमधून पाऊल ठेवायला वीतभर जागा. इथे झूमपेक्षा ३५ मिलिमीटरची एफ/१.८ची छोटी लेन्स कामाला येते. कॅमेऱ्यासोबत मिळणारी झूम पुढे सरकवली की तिचे छिद्र बहुधा एफ/५.६ वर येते, आणि एफ/१.८ला त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश मिळतो. म्हणजे जिथे झूमला १/२० सेकंद लागेल आणि हार ओवणारा हात पुसट होईल, तिथे छोटी लेन्स १/२०० मध्ये तो हात स्थिर पकडते. तिचे वजन पाव किलोच्या आसपास. लांबलचक लेन्स रोखली की समोरची माणसे सावरून बसतात, हेही खरे. ट्रायपॉड गर्दीत इतरांच्या पायात येतो, शिवाय स्टेशनसारख्या ठिकाणी हटकले जाण्याची खात्रीच. शहरासाठी पिशवीही साधी बरी. कंपनीचे नाव मिरवणाऱ्या बॅगेपेक्षा आत जाड कापडाचे अस्तर लावलेली शबनम चालते. कवींकडून ती आता छायाचित्रकारांनी घ्यायला हरकत नाही.

भिगवणला सगळे हिशेब उलटतात. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि ते पाहायला कुंभारगावातून होडीने जावे लागते. अंतर मोठे आणि नावाड्याने होडी फार जवळ नेली तर थवा उडतो, म्हणून किमान ३०० मिलिमीटर हवेत. १५० ते ६०० मिलिमीटरच्या लेन्स दोन किलोंच्या घरात जातात. तासभर हाताने पेलल्यावर त्यांची धार दमलेल्या दंडामुळेच जाते. होडीत ट्रायपॉड निरुपयोगी असतो, कारण होडीचे हेलकावे तो थेट कॅमेऱ्यापर्यंत पोचवतो. त्याऐवजी होडीच्या काठावर ठेवायची बीनबॅग उत्तम. ती घरून रिकामी न्यावी आणि गावातल्या दुकानातून तांदूळ घेऊन भरावी. ताडोब्यात जिप्सीच्या कठड्यावरही हीच युक्ती चालते. हाताने चित्र घेताना शटरचा वेग लेन्सच्या लांबीशी जुळवण्याचा जुना नियम आहे: एपीएस-सीवर ३०० मिलिमीटरला किमान १/५०० सेकंद. उडत्या पक्ष्याला १/२००० तरी लागतोच.

कास पठारावर विषय पायाशी असतो. सीतेची आसवे हे फूल नखाएवढे. त्यासाठी वस्तू तिच्या मूळ आकारात सेन्सरवर उतरवणारी मॅक्रो लेन्स लागते. इतक्या जवळून एफ/८ वरही जेमतेम मिलिमीटरभर खोली स्पष्ट येते, आणि पठारावरचा वारा काही थांबत नाही. म्हणून इथे बुटका, पाय पूर्ण पसरणारा ट्रायपॉड सार्थकी लागतो. पोलरायझर फिल्टर ओल्या पानांवरची चकाकी काढून हिरवा रंग उघडा करतो, मात्र दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश खातो. गुडघ्याखाली घ्यायला प्लॅस्टिकचा तुकडा हवा, तोही पायवाटेवरच अंथरलेला. एका फुलाच्या चित्रासाठी शेजारची दहा फुले चिरडणारे छायाचित्रकार दर हंगामात दिसतात.

सह्याद्रीत कॅमेऱ्याचा खरा शत्रू धूळ नसून दमटपणा आहे. गाडीच्या एसीतून थंड झालेली लेन्स घाटमाथ्यावर बाहेर काढली की काचेवर धुके धरते. ते पुसत बसण्यापेक्षा पोचण्याआधी अर्धा तास एसी बंद करावा किंवा कॅमेरा बंद पिशवीतच हवेच्या तापमानाला येऊ द्यावा. पावसासाठी महागडे कव्हर नसले तरी जाड प्लॅस्टिकची पिशवी, रबरबँड, सुती पंचा आणि सोबत्याच्या हातातली छत्री एवढ्यावर काम निभते.

सुट्या वस्तूंत एक जादा बॅटरी आणि एक जादा कार्ड पुरे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातली रॉ फाइल पंचवीस-तीस एमबीची धरली तर ६४ जीबीच्या कार्डात सुमारे दोन हजार चित्रे मावतात. फ्लॅश जंगलात नेऊच नये. हवेचा फुगा आणि मऊ कापड मात्र नेहमी असावे.

परतल्यावरचे काम सामानाचाच भाग आहे. ओलसर पिशवी तशीच कपाटात गेली तर कोकण-मुंबईच्या हवेत लेन्सच्या आत बुरशीचे जाळे धरते आणि काचेवरचा लेप कायमचा खराब होतो. चामडी आवरण ओल धरून ठेवते, म्हणून लेन्स त्यातून काढून ठेवावी. घट्ट झाकणाचा डबा, स्वस्तातला आर्द्रतामापक आणि सिलिका जेल असले की ड्राय बॉक्सचे काम भागते. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये राहावा. निळे दाणे गुलाबी किंवा नारिंगी दाणे हिरवे झाले की ते मंद आचेवर गरम करून पुन्हा डब्यात टाकता येतात.