उशिरा आलेली ट्रॉफी

मला गाडी चालवता येत नाही. आयुष्य सायकलवर आणि एस.टी.त गेलं. तरीही आज मी एका शर्यतवीराची गोष्ट सांगणार आहे. त्याचं नाव वेंडेल स्कॉट.

अमेरिकेत स्टॉक कारच्या शर्यती फार लोकप्रिय आहेत. स्टॉक कार म्हणजे मूळची चारचौघांच्या दारात उभी असते तशीच गाडी, शर्यतीसाठी मजबूत करून घेतलेली. १९४८ साली स्थापन झालेली नॅस्कार ही संस्था या शर्यती भरवते. हा खेळ वाढला दक्षिणेकडच्या राज्यांत. तिथं त्या काळी कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या हॉटेलात बसून जेवायचीही मुभा नव्हती.

स्कॉटचा जन्म १९२१ चा, व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा. त्यानं टॅक्सी चालवली, दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या गाड्या दुरुस्त केल्या आणि परतल्यावर चोरटी दारूही वाहिली. पोलिसांच्या हातावर तुरी द्यायच्या, तर गाडीची नस न नस ठाऊक हवी. १९५२ मध्ये स्थानिक शर्यतीच्या आयोजकांना गर्दी खेचण्यासाठी एक कृष्णवर्णीय चालक हवा होता. त्यांनी पोलिसांनाच विचारलं. पोलिसांनी स्कॉटचं नाव सांगितलं!

१९६१ पासून तो नॅस्कारच्या सर्वांत वरच्या मालिकेत उतरला. बड्या चालकांच्या पाठीशी मोटार कंपन्या होत्या. स्कॉटची गाडी मात्र दुसऱ्यानं वापरलेली. दुरुस्ती तो स्वतः करायचा आणि मदतीला त्याची मुलं.

१ डिसेंबर १९६३. जॅक्सनव्हिलचा मातीचा ट्रॅक, २०० फेऱ्या. स्कॉटच्या फेऱ्या पुऱ्या झाल्या, पण विजेत्यासाठीचा चौकटींचा झेंडा काही हलला नाही. तो गाडी पळवतच राहिला. विजयी म्हणून नाव पुकारलं गेलं बक बेकर या गोऱ्या चालकाचं. ट्रॉफीही त्यालाच मिळाली. स्कॉटनं दाद मागितली. काही तासांनी अधिकाऱ्यांनी मान्य केलं, की जिंकला स्कॉटच, तोही दोन फेऱ्यांनी. मोजताना चूक झाली म्हणे. विजेत्याचं चुंबन घ्यायला गोरी सुंदरी उभी असायची, ते टाळायचं होतं, असं स्कॉटचं म्हणणं. तोवर प्रेक्षक घरी गेले होते, आणि ट्रॉफीही. पुढे त्याला लाकडाची एक साधीशी ट्रॉफी देण्यात आली.

मी तीस वर्षं मराठीत कविता लिहितो. अजूनही कविता वाचून व्यासपीठावरून उतरलो, की कुणीतरी कौतुकानं म्हणतं, "वा! तुमचं मराठी किती छान आहे हो!" प्रेमानंच म्हणतात. मीही हसतो. पण माझ्या अम्मीनं ज्या भाषेत मला रागे भरलं, तिचं प्रमाणपत्र मला का मिळावं? स्कॉटच्या दुःखाशी याची बरोबरी नाही. पण फेऱ्या पुऱ्या होऊनही झेंडा हलत नाही, तेव्हा आत काय होत असेल, ते थोडंसं कळतं.

त्या मालिकेत स्कॉट एकूण ४९५ शर्यती धावला. जिंकला ती एकच. १९७३ मध्ये टॅलाडेगाच्या ट्रॅकवर मोठा अपघात झाला, तो गंभीर जखमी झाला आणि त्याच वर्षी त्याची कारकीर्द संपली. १९९० मध्ये तो गेला. २०१५ मध्ये नॅस्कारच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला स्थान मिळालं. आणि २८ ऑगस्ट २०२१ रोजी, त्याच्या जन्मशताब्दीच्या आदल्या दिवशी, नॅस्कारनं त्या विजयाची ट्रॉफी त्याच्या कुटुंबाच्या हाती दिली. मधे जवळजवळ ५८ वर्षं गेली होती.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बबा वॉलेस हा तरुण या मालिकेत शर्यत जिंकणारा दुसरा कृष्णवर्णीय चालक ठरला. कुठं? टॅलाडेगालाच.

मला मात्र राहून राहून आठवतात त्या २०० च्या पुढच्या दोन फेऱ्या. हिशेबात त्यांची गरज नव्हती. पण झेंडा हलला नाही म्हणून स्कॉटनं गाडी थांबवली नाही.