ध्वनिक्षेपकामागची माणसे

(शाळेच्या हीरकमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठी माध्यमाच्या शाळेच्या हीरकमहोत्सवात नभोवाणीच्या निवेदकांविषयी बोलायचे, आणि त्यासाठी लखनौपर्यंत जायचे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु शाळा आणि नभोवाणी यांचे नाते वाटते त्याहून जवळचे आहे. दोन्हीकडे एक जण बोलतो आणि अनेक जण ऐकतात. तो कोणत्या भाषेत बोलतो, काय ऐकवायचे हे कोण ठरवतो आणि त्या निवडीची जबाबदारी कोण घेतो, हे प्रश्न दोन्हीकडे सारखेच आहेत. लखनौने या प्रश्नांची तीन वेगवेगळी उत्तरे पाहिली आहेत, आणि त्यांपैकी एकात आपल्या मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. म्हणून हे शहर निवडले.

लखनौचे नभोवाणी केंद्र २ एप्रिल १९३८ रोजी सुरू झाले. त्याच्या आधी बारा वर्षे, १९२६ मध्ये, पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने तेथे मॅरिस संगीत महाविद्यालय स्थापन झाले होते, आणि त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी ते दीर्घकाळ सांभाळले. महाविद्यालयात गाणे शिकावे आणि नभोवाणीवर ते लोकांपर्यंत पोहोचवावे, अशी वाट त्या शहरात आपोआप तयार झाली. मॅरिस महाविद्यालयाचा विद्यार्थी तलत महमूद १९३९ मध्ये, वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी, लखनौ केंद्रावरून गझला गाऊ लागला. पुढे चित्रपटसंगीतात नाव मिळवणारे मदनमोहन चाळीसच्या दशकात याच केंद्रात कार्यक्रम विभागात नोकरीला होते. विवाहानंतर गाणे सोडलेल्या आणि त्यामुळे खचलेल्या बेगम अख्तर १९४९ मध्ये पुन्हा गायल्या, त्याही लखनौ केंद्रातच. या घटनांमागे कार्यक्रम आखणारी, कलावंताच्या दारी जाणारी, ध्वनिमुद्रणाची वेळ ठरवणारी माणसे होती. श्रोत्याला त्यांचे नाव ठाऊक नसे. त्यांची पारख मात्र रोज ऐकू येत असे.

याच केंद्रातील ज्या माणसाकडे मला आपले लक्ष विशेष वेधायचे आहे, त्यांचे नाव चंद्रभूषण त्रिवेदी. उन्नाव जिल्ह्यातून आलेले हे अवधी कवी श्रोत्यांना ‘रमई काका’ म्हणून परिचित होते. ग्रामीण श्रोत्यांच्या कार्यक्रमांत ते अवधी बोलत. त्यांचे ‘बहिरे बाबा’ हे विनोदी पात्र घरोघरी पोहोचले होते. लखनौ हे नजाकतदार उर्दूचे शहर आणि नभोवाणी ही सरकारी संस्था. अशा ठिकाणी एका माणसाने खेड्यातल्या माणसाशी खेड्यातल्याच बोलीत बोलायचे ठरवले आणि वर्षानुवर्षे ते निभावले. श्रोत्याने आपल्या भाषेपर्यंत चढून यावे अशी अपेक्षा न करता ते स्वतः श्रोत्याच्या ओसरीवर जाऊन बसले. निवेदकाच्या कामाचे मर्म मला येथे दिसते.

परंतु संस्था सरकारी असली की निवड एका माणसाच्या हाती फार काळ राहत नाही. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. हे मराठी गृहस्थ लोकसभेवर निवडून आले होते उत्तर प्रदेशातून. शास्त्रीय संगीताविषयी त्यांना विलक्षण आस्था होती. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, आकाशवाणी संगीत संमेलन हे त्यांच्याच काळातले उपक्रम. अनेक कलावंतांना त्यांच्या धोरणामुळे नियमित मान आणि मानधन मिळाले, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. कलावंतांची चाचणी घेऊन श्रेणी ठरवण्याची पद्धत याच काळात रुजली, आणि चाचणी समितीची धुरा लखनौच्या रातंजनकरांकडे सोपवली गेली. मुरलेल्या गायक-वादकांना परीक्षार्थी म्हणून बसावे लागल्याने त्यांच्यात असंतोषही उसळला. चित्रपटगीतांना तर नभोवाणीची दारे जवळजवळ बंद झाली. हेतू चांगला होता. मात्र श्रोत्याला काय आवडावे हे दिल्लीत ठरू लागले.

श्रोत्याने काय केले? त्याने वाद घातला नाही, काटा फिरवला. रेडिओ सिलोनचे लघुलहरी प्रक्षेपण भारतभर ऐकू येत होते. ३ डिसेंबर १९५२ रोजी तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण मुंबईत होई आणि फिती विमानाने कोलंबोला जात. निवेदक होते अमीन सयानी, वय अवघे एकोणीस. हिंदी निवेदनासाठी दिलेल्या चाचणीत आकाशवाणीने त्यांना नाकारले होते. उच्चारांवर इंग्रजी आणि गुजरातीची छाया आहे, असा शेरा मिळाला होता. तोच आवाज पुढे दर बुधवारी रात्री आठ वाजता रस्ते ओस पाडू लागला.

हे सामर्थ्य कोठून आले? सयानींच्या आई कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ नावाचे पाक्षिक चालवीत. देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत ते निघे आणि त्याची भाषा सोपी हिंदुस्थानी असे. अमीन त्या कामात आईला मदत करीत. नुकत्याच वाचायला शिकलेल्या माणसाला अडखळू न देणारे वाक्य कसे लिहावे, हे शिक्षण त्यांना घरातल्या त्या छोट्या नियतकालिकाने दिले. केसकरांच्या खात्यालाही अखेर वाऱ्याची दिशा ओळखावी लागली आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली.

हीच गोष्ट साता समुद्रांपलीकडे थोड्या वेगळ्या वेषात घडली. १९६४ साली ब्रिटनमध्ये बीबीसीची मक्तेदारी होती. वादक संघटनांशी आणि ध्वनिमुद्रिका कंपन्यांशी झालेल्या करारांमुळे बीबीसीला दिवसाकाठी मोजकेच तास ध्वनिमुद्रिका वाजवता येत. बाहेर तर रॉक संगीताने तरुण पिढीला झपाटले होते. २८ मार्च १९६४ रोजी रेडिओ कॅरोलाइन हे केंद्र किनाऱ्यापासून दूर, देशाच्या सागरी हद्दीबाहेर नांगरलेल्या जहाजावरून सुरू झाले. त्याच्यामागोमाग आणखी केंद्रे आली. निवेदक जहाजावरच राहत, लाटांच्या हेलकाव्यांत तबकड्या लावत आणि किनाऱ्यावरच्या लक्षावधी मुलांशी मित्रासारखे बोलत. सरकारने १९६७ मध्ये कायदा करून हा मार्ग बंद केला. परंतु त्याच वर्षी ३० सप्टेंबरला बीबीसीने तरुणांसाठी ‘रेडिओ वन’ काढले, तेव्हा त्याचे अनेक निवेदक या जहाजांवरूनच आलेले होते. त्यांच्यापैकी जॉन पील २००४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या केंद्रावर राहिले. अन्यत्र कोणी वाजवणार नाही अशा अनोळखी वाद्यवृंदांच्या ध्वनिमुद्रिका ते ऐकवीत. श्रोत्याने न मागितलेले, पण कदाचित त्याला आवडेल असे काही शोधून आणणे, हे त्यांनी आपले काम मानले होते.

कोलंबोचे प्रक्षेपण काय आणि उत्तर समुद्रातले जहाज काय, दोन्ही एकाच गरजेतून जन्मली. आपल्या देशात मात्र हवेतल्या लहरी कोणाच्या, हा प्रश्न कायद्याने सुटायला १९९५ साल उजाडले. त्या वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिच्यावर सरकारची किंवा अन्य कोणाची मक्तेदारी असू शकत नाही. या खटल्यातील मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे महाराष्ट्राचेच सुपुत्र. पुढे खासगी एफएम केंद्रे आली. २००२ अखेर शिक्षणसंस्थांना स्वतःचे लहान नभोवाणी केंद्र काढण्यास परवानगी देण्याचे धोरण ठरले; २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात असे पहिले केंद्र सुरू झाले, आणि २००६ मध्ये ही वाट स्वयंसेवी संस्थांनाही खुली झाली.

येथे आपण पुन्हा लखनौला येतो. धोरण शिक्षणसंस्थांसाठी आहे म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे विद्यापीठे येतात. लखनौत हे धाडस एका शाळेने केले. १९५९ मध्ये पाच विद्यार्थ्यांनिशी सुरू झालेल्या सिटी माँटेसरी शाळेने ९०.४ मेगाहर्ट्झवर स्वतःचे सामुदायिक नभोवाणी केंद्र चालवले. ज्या शहरात एकेकाळी नभोवाणी म्हणजे सरकारी इमारत एवढाच अर्थ होता, तेथे शाळेच्या आवारातून प्रक्षेपण होऊ लागले. आपल्याकडे साताऱ्यातल्या म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ अशाच प्रकारे माणदेशच्या बायाबापड्यांचा आवाज बनले. अशा केंद्राची शक्ती साधारण शंभर वॉट आणि पल्ला दहा-बारा किलोमीटरांचा. म्हणजे निवेदकाचा श्रोता बाजारात त्याला भेटणार, चूक झाली तर तोंडावर सांगणार. रमई काकांनी कल्पनेने जी ओसरी गाठली, ती येथे खरोखरच हाकेच्या अंतरावर असते.

आता चिंतेची बाजू. २०१८ च्या अखेरीस प्रसारभारतीने आपली पाच प्रादेशिक प्रशिक्षण केंद्रे बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यांत लखनौचे केंद्र होते. २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवण्याचा निर्णय झाला आणि चहूकडून विरोध झाल्यावर त्याला स्थगिती मिळाली. खासगी केंद्रांवर तीच पंचवीस-तीस गाणी फिरत राहतात. आणि आपल्या मुलांच्या हातातील भ्रमणध्वनीवर पुढचे गाणे कोणते, हे आता यंत्र ठरवते. ते काम कसे करते? तुम्ही काल काय ऐकले, तुमच्यासारख्या इतरांनी काय ऐकले, हे मोजून ते आज तसेच काही पुढे ठेवते. ते कार्यक्षम आहे यात शंका नाही. परंतु रेडिओ सिलोनवर अमीन सयानी ‘बहनो और भाइयो’ म्हणत तेव्हा एक माणूस आपल्या नावानिशी त्या निवडीमागे उभा असे. श्रोता त्याला पत्र लिहू शकत असे, त्याच्याशी भांडू शकत असे. यंत्राशी भांडता येत नाही. यंत्र तुमची जुनी आवड अधिक घट्ट करते. चांगला निवेदक ती सैल करून तिच्यात नव्यासाठी जागा करतो. चांगला शिक्षक तरी याहून वेगळे काय करतो?

यात मराठीपुरता एक वेगळा धोका आहे. मोजणीवर चालणाऱ्या व्यवस्थेत ज्या भाषेचे श्रोते थोडे, तिला वाटा थोडा. सरकारी केंद्रे आकसली, खासगी केंद्रांनी शहरी हिंदी स्वीकारली आणि उरलेले यंत्रावर सोपवले, तर मराठीत बोलून कोणाला काही सुचवणारा, समजावणारा, हसवणारा सार्वजनिक आवाजच दुर्मीळ होईल. भाषा पुस्तकांत राहील. कानांतून मात्र ओसरेल. आणि कानांतून गेलेली भाषा पुढच्या पिढीच्या ओठांवर येणे कठीण.

आपल्या शाळेला साठ वर्षे झाली. या साठ वर्षांत प्रार्थनेनंतर सुविचार वाचणारी, बातम्या सांगणारी, पाठांतर स्पर्धेत पाय लटपटत असताना उभी राहिलेली किती मुले या आवारातून गेली असतील! त्यांतील प्रत्येक जण क्षणभर निवेदकच होता. त्या परंपरेला धरून तीन सूचना मी नम्रपणे मांडतो. पहिली, आठवड्यातून एक तास शाळेच्या ध्वनिवर्धकावर मुलांनी स्वतः निवडलेला कार्यक्रम असावा. त्यात अभंग असावा, लावणी असावी आणि मुलांना आवडणारे रॉकही असावे. अट एकच की निवडणाऱ्याने आपले नाव सांगून, ते का निवडले हे शुद्ध, सोप्या मराठीत चार वाक्यांत सांगावे. दुसरी, निवृत्त शिक्षकांचे आणि पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थ्यांचे आवाज याच वर्षी ध्वनिमुद्रित करावेत; हे काम पुढच्या महोत्सवापर्यंत थांबू शकत नाही. तिसरी, माजी विद्यार्थ्यांपैकी जे तंत्रज्ञ, वकील किंवा व्यावसायिक आहेत, त्यांनी सामुदायिक नभोवाणी केंद्राच्या परवान्याचा आणि खर्चाचा अभ्यास करून संस्थेपुढे अहवाल ठेवावा. लखनौच्या एका शाळेला जे साधले, ते आपल्याला अशक्य मानण्याचे कारण मला दिसत नाही.

पालकांना एवढीच विनंती की घरात मूल काही वाचून दाखवू लागले तर हातातले काम बाजूला ठेवून ते ऐकावे. निवेदक घडण्यासाठी ध्वनिक्षेपक नंतर मिळाला तरी चालतो. श्रोता मात्र आधी लागतो.