पास आहे, गाडी नाही

आज आमचा गट बोलणार आहे. एकीने वाचायचं आणि चुकलं की बाकीच्यांनी कोपर मारायचं, असं ठरलंय.

आमच्या गावच्या पोरी अकरावी-बारावीला तालुक्याला जातात. सरकारच्या अहिल्याबाई होळकर योजनेत त्यांना एसटीचा पास फुकट आहे. पास आहे, पण सकाळची गाडीच येत नाही. आली तर भरून येते, थांबत नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात या पोरी स्टँडवर गाडीपुढे बसल्या. तासभर बसल्या, कुणाला शिवी दिली नाही, गाडीला हात लावला नाही. संध्याकाळी एका घरी फोन आला, "पोरींना आवरा."

मग गटाच्या बैठकीत आमचीच जुंपली. एक म्हणाली, नाव खराब झालं की स्थळं येत नाहीत. दुसरी म्हणाली, कॉलेज सुटलं की स्थळं लवकर येतील, तेवढंच हवंय का तुला? त्या दिवशी हप्ते गोळा करायचेसुद्धा राहिले.

पुढच्या आठवड्यात पुस्तकं आणायला आम्ही सहाजणी पोरींना घेऊन पुण्याला गेलो. जुनी पुस्तकं स्वस्त मिळतात म्हणून अप्पा बळवंत चौक गाठला. हा भाग बुधवार पेठेतला. बुधवार पेठ म्हटलं की आपल्याकडे माणसं तोंड लपवून हसतात. तिथं पोटासाठी शरीर विकावं लागणाऱ्या बाया राहतात, हे खरं आहे. त्यात हसण्यासारखं काय आहे, ते आम्हाला कळलं नाही. त्याच पेठेत दगडूशेठचा गणपती आहे आणि त्याच्या समोर भिडे वाड्याची जागा आहे. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी तिथं मुलींची शाळा काढली. जुना वाडा २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडला. आम्ही रस्त्यावर उभं राहूनच हात जोडले. फोन आला होता त्या घरची पोरगी म्हणाली, "मावशी, सावित्रीबाईंवर शेण फेकत होते. आपल्याला नुसता फोन आलाय."

परतीच्या गाडीत ती बरंच सांगत राहिली. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता नावाच्या मांग समाजातल्या मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये निबंध लिहिला आणि आपल्या लोकांचे हाल मांडले. वयाने आमच्या पोरींहून लहानच होती ती.

मग तिने एसेम जोशी आणि नानासाहेब गोरे यांचं सांगितलं. दोघं पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले. १९२९ साली पर्वतीचं देऊळ अस्पृश्यांना खुलं करा म्हणून सत्याग्रह झाला, त्यात ही तरुण पोरं उतरली आणि सत्याग्रहींवर दगड पडले. पुढे नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण वगैरे तरुणांबरोबर त्यांच्या चर्चा झाल्या आणि त्यातून १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दलाची धुरा एसेमनी घेतली. त्या दलात मुलं-मुली एकत्र कवायत करत, गाणी म्हणत. त्या काळात मुलगी घराबाहेर धाडायची तर आईच्या पोटात किती गोळा येत असेल, ते आम्हाला आता बरोबर समजतं.

लोकशाही समाजवाद हा शब्द ऐकायला जड आहे. आम्ही तो गटाच्या वहीवरून समजून घेतला. पैसा सगळ्यांचा, हिशेब उघडा, कर्ज आधी कुणाला ते गरज बघून आणि बैठकीत बोलून ठरवायचं. अध्यक्षीण चुकली तर पुढच्या वर्षी बदलायची, तिच्या घरावर दगड मारायचे नाहीत. देशाच्या जमिनीचं, पाण्याचं, शाळेचं, गाडीचं असंच व्हावं, एवढंच ही मंडळी मागत होती. त्यांचे पक्ष फुटले, भांडले, पुन्हा फुटले. आमचा गटही एकदा फुटलाय, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.

सगळ्यात भावल्या त्या मृणालताई गोरे. डॉक्टरकीचं शिक्षण सोडून सेवा दलाच्या कामात पडल्या. मुंबईत गोरेगावच्या वस्त्यांना पाणी मिळावं म्हणून इतक्या झगडल्या की लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणू लागले. १९७२ च्या दुष्काळात महागाई भडकली, तेव्हा त्या, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बाया एकत्र आल्या आणि पुढे लाटणी घेऊन मोर्चे निघाले. आणीबाणीत मृणालताई तुरुंगात गेल्या आणि १९७७ साली लोकसभेवर निवडून आल्या. आमच्यातली एक ऐकून म्हणाली, "लाटणं तर आपल्याकडेही आहे." हसलो खूप, पण लाटणं नेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बैठक घेतली. डॉक्टरकी सोडली हे मात्र आम्हाला पटलेलं नाही, ते पोरींना सांगून टाकलं: आंदोलन करा, परीक्षा बुडवायची नाही. पोरींनी अर्ज लिहिला, मागच्या महिन्यात कुठल्या तारखांना गाडी आली नाही ते मांडलं. खाली आमच्या सह्या, तिघींचे अंगठे. आगाराच्या कचेरीत आम्ही सगळ्या बरोबर गेलो, पण बोलल्या पोरी. आम्ही मागे बाकावर बसलो. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

सध्या सोमवार ते शुक्रवार गाडी येते. शनिवारची अजून नाही. शनिवारच्या तारखा वहीत टिपणं चालू आहे.