उन्हाळ्याचं पाणी, हिवाळ्याचं सरपण

मिनिटं पाच आणि विषय मध्य आशियातल्या शेजाऱ्यांचा. किर्गिझस्तान, उझबेकिस्तान, कझाकस्तान ही नावं ऐकून रेडिओ बंद करू नका. तुमच्या ओळखीतला एखादा मुलगा बिश्केकला डॉक्टरकी शिकायला गेला असेल, त्याच्यासाठी तरी ऐका.

या भागाबद्दल आपल्याकडे बोलणं निघालं की रशियाचं वजन किती आणि चीनचं किती, एवढाच हिशेब होतो. मला घरातलं, पाण्याचं भांडण सांगायचंय.

किर्गिझ डोंगरातून नारीन नदी उतरते, फरगाना खोऱ्यात तिला कारादर्या मिळते आणि पुढे ती सिरदर्या होते. नारीनवर सोव्हिएत काळात टोक्टोगुल धरण बांधलं. क्षमता साडेएकोणीस अब्ज घनमीटर, म्हणजे आपल्या साडेसहा कोयना! आता समजा, भावकीची विहीर आहे. ती थोरल्याच्या वाट्याला, डोंगरकडेला. रान सगळं खाली धाकट्यांचं. आजोबांनी लावून दिलं होतं, थोरल्यानं उन्हाळ्यात धाकट्यांच्या कापसाला पाणी सोडायचं, धाकट्यांनी थंडीत थोरल्याकडे गाडीभर सरपण पोचवायचं. हे आजोबा म्हणजे मॉस्को. सरपण म्हणजे उझबेक गॅस आणि कझाक कोळसा.

1991 साली आजोबा गेले. धाकटे म्हणाले, सरपण आता बाजारभावानं. पाणी मात्र आजोबांच्या वेळेसारखं फुकट. थोरल्यानं काय करावं? हाडं गोठवणारी थंडी. त्यानं हिवाळ्यातच धरणाचं पाणी सोडून वीज करायला सुरुवात केली. (विहिरीवर टर्बाइन नसतं हे मलाही कळतं, पण चालवून घ्या.) परिणाम असा की जानेवारीत खाली पूर आणि जुलैत कापूस तहानलेला.

पाणी तेवढंच, बरं का. नदी आटली नव्हती. बिघडलं ते पाळीचं. आमच्या धुळ्याकडे पांझरेवर पाळीनं पाणी वाटायची फड पद्धत होती, तिथल्या पाटकऱ्याला हे एका वाक्यात समजलं असतं. आपण मात्र ‘पाण्यासाठी युद्ध’ असे मथळे वाचतो आणि पाणी कमी पडलं असणार असं धरून चालतो. पुन्हा सांगतो, कुणाला किती यापेक्षा कुणाला कधी, यावर हे भांडण आहे.

1998 साली करार झाला. उन्हाळ्यात पाण्याबरोबर तयार होणारी वीज खालच्यांनी विकत घ्यायची, बदल्यात थंडीत इंधन द्यायचं. कागदावर आजोबांचीच रीत! पण पाऊस बरा झाला की खालच्यांना पाणी नको, मग वीजही नको. आणि इंधन वेळेवर पोचेना. शेवटी कझाकस्ताननं हिवाळ्याचं फुकट जाणारं पाणी अडवायला कोकसराय जलाशय बांधला, तीन अब्ज घनमीटरचा. भावाशी बोलणं जमेना म्हणून एक अख्खी कोयना बांधायची! उझबेकिस्तानचे अध्यक्ष करीमोव तर 2012 साली, वरच्या धरणांवरून युद्धही होईल, असं बोलून गेले.

करीमोव 2016 साली वारले, त्यांच्या जागी मिर्झियोयेव आले आणि सूर बदलला. नारीनवरच टोक्टोगुलच्या वरच्या अंगाला कंबराता-1 हे धरण व्हायचंय. ज्याला उझबेकिस्तानचा विरोध होता, त्यातच आता तो कझाकस्तानसह भागीदार आहे. जानेवारी 2023 मध्ये तिघांच्या सह्या झाल्या. यातली खुबी पाळीचीच आहे. वरच्या धरणानं थंडीत वीज करावी, ते पाणी टोक्टोगुलनं झेलून उन्हाळ्यापर्यंत राखावं. विहिरीखाली हौद बांधल्यासारखं. हौद बांधून व्हायला मात्र वर्षं जातील, आणि तोवर...

काचेपलीकडून बोट दाखवतायत, दीड मिनिट उरलं. किर्गिझ-ताजिक सीमेचं सांगायचं होतं. 2021 साली पाणी उचलण्याच्या एका ठिकाणावरून तिथे माणसं मेली, आणि मार्च 2025 मध्ये त्याच दोघांनी सीमेच्या करारावर सह्या केल्या. ते कसं घडलं, याला वेगळं भाषण लागेल.

आणि या भागातली दुसरी नदी, अमूदर्या, राहिलीच! तिथे अफगाणिस्तान 285 किलोमीटरचा कोश तेपा कालवा खणतोय. आजोबांनी वाटण्या केल्या तेव्हा या भावाला बैठकीला बोलावलंच नव्हतं, आता तो स्वतःचा पाट काढतोय. त्याच्याशी कोणी बोलायचं, कुठल्या कराराखाली... असो, वेळ संपली.

बिश्केकच्या मुलाचा फोन आला की जेवलास का, हे विचारून झाल्यावर एवढंच विचारा, डिसेंबरात खोलीतली वीज जाते का रे?